पट्टा सोडू नये

मावशीच्या वसतिगृहातला सोनेरी मासा सलग चौथ्या दिवशी सकाळी फिरून आला, तेव्हा मावशीने भाचीला फोन केला.

"तुझ्या त्या प्रोग्रॅमने माशाला फिरायला पाठवलंय."

"मासा फिरायला कसा जाईल, मावशी?"

"काचेच्या भांड्यातून. भांड्याला पट्टा गुंडाळून. काका नेतात. मला वाटायचं, पाणी बदलायला नेत असतील. आज विचारलं तर म्हणाले, फिरवून आणला."

भाचीने मनातल्या मनात बाकीचे पाहुणे मोजले. मग तिने विचारले, "आणि कासव?"

"कासवाला सकाळ-संध्याकाळ. पोपटालाही. अगं, काकांची अर्धी सकाळ रस्त्यावर जाते. एकदा तर बरोबर कोणी नसतानाच फिरून येतात. माणूस भ्रमिष्ट व्हायची वेळ आलीये. ते काही नाही, तू आजच्या आज ये आणि काय ते निस्तर. पाच वाजता बाई येणार आहेत तुफानला न्यायला."

तुफान हे कासवाचे नाव. ते बावन्न वर्षांचे होते, म्हणजे मावशीपेक्षा तीन वर्षांनी मोठे, आणि बाईंना ते वडिलांकडून मिळाले होते. बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या राहत त्या इमारतीत चाळीस घरे होती, बहुतेक घरांत काही ना काही पाळलेले होते, आणि त्या चाळीस घरांत बाईंच्या शब्दाबाहेर कोणी नव्हते. मावशीने कचेरीतली नोकरी सोडून गावाला जाणाऱ्यांच्या प्राण्यांसाठी हे वसतिगृह काढले होते. बाईंनी तुफानला चार दिवस ठेवले होते ते परीक्षा म्हणूनच. निकाल आज पाच वाजता होता.

भाचीने नुकतीच कॉम्प्युटरची पदवी घेतली होती. वसतिगृहासाठी प्रोग्रॅम लिहून देण्याची तयारी तिनेच दाखवली होती, कारण तिला एक योगायोग फार आवडला होता. कॉलेजातल्या पुस्तकात क्लास आणि इन्हेरिटन्सचा धडा प्राण्यांच्या उदाहरणाने सुरू व्हायचा. वर एक 'प्राणी', त्याच्याखाली 'कुत्रा', 'मांजर' वगैरे; वरच्याचे ते खालच्याला वारशाने मिळायचे. वर्गातली सगळी मुले हसायची, की खऱ्या नोकरीत असला प्रोग्रॅम कोण लिहून घेणार आहे. भाचीच्या आयुष्यातला पहिलाच खरा प्रोग्रॅम नेमका तसलाच निघाला, आणि आता त्यातला मासा फिरायला जात होता.

प्रोग्रॅम काकांच्या गळ्यातल्या मोबाइलवर एका वेळी एकच काम दाखवायचा. ते करून 'झाले' दाबले की पुढचे यायचे. काका कुणाचेच काका नव्हते. पस्तीस वर्षे ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर लिहितील ते द्यायचे, लिहितील तितके द्यायचे, आणि आपली अक्कल बाटलीत मिसळायची नाही, या तत्त्वावर त्यांनी अख्खी नोकरी एकही चूक न करता काढली होती. मावशीने त्यांना कामावर घेतले ते याच गुणामुळे.

भाची तीन वाजता लॅपटॉप घेऊन आली. पुढच्या खोलीत मावशी चहा घेत होती. काका दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. मावशीने त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली, तर त्यांनी ती हलकेच परत सरकवली.

"काका, मोबाइलवर नेमकं काय येतं हो माशाचं?" भाचीने विचारले.

काकांना पाठ होते. "फिरवणे. वीस मिनिटे. पट्टा सोडू नये. झाडापाशी नेऊन थांबावे. काम झाल्याशिवाय परत आणू नये."

"आणि माशाचं काम झालं हे तुम्हाला कसं कळायचं?"

"पाण्यात दिसतं."

"तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की माशाला कशाला फिरवायचं?"

"वाटलं ना," काका म्हणाले. "पण वाटण्यावर औषध देता येत नाही, बाळ."

तेवढ्यात मोबाइल वाजला. काकांनी वाचले, पट्टा घेतला आणि आत गेले. भाचीने लॅपटॉप उघडला. मावशी खुर्ची ओढून शेजारी बसली.

"हे बघ मावशी. वर हा 'प्राणी' आहे ना, तो खरा कोणी नाही. नुसता प्राणी असा जगात प्राणीच नसतो. कुत्रा असतो, मांजर असतं. याला म्हणायचं ॲबस्ट्रॅक्ट क्लास. यात फक्त रिकाम्या जागा असतात. कसं फिरवायचं, काय खायला घालायचं. त्या ज्याने त्याने भरायच्या. कुत्र्याने आपल्या, मांजराने आपल्या. जो भरणार नाही त्याला कॉम्प्युटर आत घेत नाही. एरर देतो."

"म्हणजे अर्जावर सही नसली की खिडकीवरून परत पाठवतात तसं."

"अगदी तसंच."

"मग माशाची सही कोणी केली?"

भाचीने खाली बघितले. "मी. पंधरा दिवसांपूर्वी तू मोठ्या उत्साहात नावं भरलीस, आणि चालू करायला गेले तर एरर. कोणाची तरी जागा रिकामी होती. तू उद्घाटनाचा हार घेऊन दारात उभी होतीस. मग मी वरच्या रिकाम्या जागांतच कुत्र्याचं सगळं चिकटवलं. म्हणजे ज्याचं स्वतःचं नसेल त्याला वरून मिळेल. एरर गेला."

"सगळ्यांच्या वतीने एकच सही. कुत्र्याची."

"हो."

"आणि सशाला रोज वाटीभर दूध कोण देतंय? चार दिवस तो वाटीकडे पाठ करून बसलाय."

"तो... सशाचा क्लास मी मांजराखाली घातला. दोघांचे पिंजरे सारखे होते. टायपिंग वाचलं."

"सशाला मांजराच्या पोटी घातलंस," मावशी म्हणाली. "शिकलेली पोरगी तू."

भाचीने वाद घातला नाही. तिने सशाला मांजराकडून काढून घेतले आणि थेट प्राण्याखाली आणले. मग 'प्राणी' पूर्वीसारखा केला. कुत्र्याचे चिकटवलेले सगळे पुसले आणि जागा पुन्हा रिकाम्या ठेवल्या. प्रोग्रॅम बंद करून चालू केला. तो चालू झाला नाही. अपेक्षेप्रमाणे एरर आला: 'ससा'ने 'फिरवणे' लिहिलेले नाही. तिने लिहिले: फिरवू नये. पुन्हा चालू केला. 'पोपट'ने 'फिरवणे' लिहिलेले नाही. लिहिले. मग 'मासा'. माशाचे लिहिताना तिने दोनदा 'नये' लिहिले आणि एक खोडले. एक एक एरर जात होता तसा तिला हुरूप येत होता.

मात्र एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. पंधरा दिवसांपूर्वी वसतिगृहात तीन कुत्रे आणि दोन मांजरे एवढेच पाहुणे होते. कुत्रा आणि मांजर हे दोन्ही क्लास तिने पहिल्याच दिवशी पूर्ण लिहिले होते. पोपट, ससा, मासा, कासव हे सगळे नंतर आले. मग त्या दिवशीचा एरर कोणाचा होता? घाईत तिने तो नीट वाचलाच नव्हता.

"मावशी, उद्घाटनाच्या दिवशी पाच जणच होते ना गं?"

मावशी दाराकडे बघत होती. दारात काका उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. हात मागे बांधलेले, चेहऱ्यावर अदब.

"काय काका?"

"तुमचं लिहून होऊ दे," काका म्हणाले. "डॉक्टर लिहीत असताना मी कधी मधे बोललो नाही."

"झालंच आहे. बोला."

"मोबाइलवर पुढचं काही येत नाही. मी दहा मिनिटं वाट बघितली. मग इथे येऊन वीस मिनिटं थांबलो."

"नाहीच येणार. मी प्रोग्रॅम बंद केलाय. तुम्ही काय करत होतात?"

"तुफानला फिरवत होतो."

"मग तुफान कुठेय?"

"झाडापाशी," काका म्हणाले. "परत आणायचं अजून आलं नाही ना."

मावशी उठली तेव्हा चहाचा कप कसा उपडा झाला, हे कोणाला कळले नाही.

झाड फाटकाबाहेर, पदपथाच्या कडेला होते. पट्टा काकांच्या हातातच होता, तो त्यांनी सोडला नव्हता. कासवाच्या अंगावर पट्टा टिकत नाही म्हणून काका तो नुसता पाठीवर ठेवून दुसरे टोक हातात धरत, असे आता कळले. तुफान नव्हते.

"हरवलं," मावशी म्हणाली. "कासव हरवलं. लोकांचे कुत्रे पळतात, मांजरी पळतात. माझ्याकडून कासव पळालं. काय सांगू मी बाईंना? डोळा चुकवून गेलं?"

"मावशी, शांत राहा. कासव आहे, फार लांब जाणार नाही. गणित करू." गणिताचे नाव काढताच भाचीला जरा धीर आला. "काका, काल ते किती चाललं?"

"वीस मिनिटांत चौदा पावलं. माझी पावलं."

"आज तुम्ही सोडून किती वेळ झाला?"

काकांनी घड्याळ बघितले. "तेवीस मिनिटं."

"म्हणजे सोळा पावलं. सतरा धरू. झाडापासून सतरा पावलांच्या आत ते असलंच पाहिजे."

भाची झाडाला पाठ लावून उभी राहिली आणि समोर रस्त्याच्या दिशेला हाताने मोठी कमान काढली. त्या कमानीत काय काय येत होते ते तिने मोजले: एक उभी मोटार, शिंप्याच्या दुकानाची पायरी, रोपांच्या कुंड्यांची रांग आणि जाळी बसवलेले गटार. जाळीची भोके तिने बोटांनी मोजली. तुफान त्यातून जाणे शक्य नव्हते. हा पहिला दिलासा.

मावशी मोटारीखाली वाकली. त्याच वेळी मोटारीचा मालक किल्ली घेऊन आला.

"काही पडलंय का?"

"गाडी हलवू नका," मावशी खालूनच म्हणाली. "एक वयस्कर जीव सापडत नाहीये."

तो माणूस इतका घाबरला, की तोही वाकला. मग शिंपी बाहेर आला. काय शोधताय, त्याने विचारले. कासव, म्हटल्यावर तो म्हणाला, "मग एवढी घाई कशाला करताय?" पण मावशीचा चेहरा बघून त्याने मशीनखालचा चिंध्यांचा ढीगही उपसून दाखवला. भाचीने कुंड्या एक एक करून सरकवल्या. काका मात्र झाडापाशीच उभे होते. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते.

"काका, तुम्हीही शोधा ना," भाची म्हणाली.

"कुठे?"

"कुंड्यांमागे."

काका लगेच कुंड्यांमागे गेले आणि तिथेच उभे राहिले.

पाचला वीस मिनिटे कमी असताना रिक्षा फाटकाशी थांबली आणि बाई उतरल्या. बाई आयुष्यात कुठेही वेळेवर गेल्या नव्हत्या, नेहमी वेळेआधी. मावशी मोटारीखालून उठली तेव्हा तिच्या गुडघ्यांना धूळ होती आणि केसांत एक वाळके पान.

"या, या," ती म्हणाली. "आत बसा ना. आम्ही जरा... झाडलोट."

"रस्ता पण तुम्हीच झाडता?" बाईंनी चष्म्यातून रस्त्याकडे, मग कुंड्यांमागे ताठ उभ्या असलेल्या काकांकडे बघितले. "स्वच्छतेची आवड दिसते. तुफान कुठाय?"

"आत्ता आणते."

बाई पुढच्या खोलीतल्या बाकावर बसल्या. मावशीने भाचीला आत ओढले आणि स्वयंपाकघराच्या दाराआड दोघी उभ्या राहिल्या.

"आता मी खरं काय ते सांगते," मावशी कुजबुजली. "खोटं मला जमत नाही आणि बाईंपुढे तर मुळीच जमणार नाही. बावन्न वर्षं सांभाळलेला जीव आहे. वसतिगृह बंद पडलं तरी चालेल."

"मावशी, चूक माझी आहे. मी सांगते."

"तू गप्प बस. तू माझ्या बहिणीची मुलगी आहेस. तुझी चूक ती माझीच."

भाचीचे डोळे भरून आले, पण त्यातही तिला तिच्या कमानीचा संशय येऊ लागला. सतरा पावले बरोबर होती. वेग बरोबर होता. मग? झाडाला पाठ लावून ती रस्त्याकडे बघत होती. तिने कमान काढली होती. कमान म्हणजे अर्धे वर्तुळ. उरलेले अर्धे तिच्या पाठीमागे होते आणि त्यात फाटक येत होते. झाडापासून फाटक, पावले नऊ. फाटकापासून पुढची खोली, पावले सहा.

"मावशी," ती म्हणाली, "ते घरी आलं असेल तर?"

याच क्षणी बाहेरून बाईंचा आवाज आला. "अगं बाई."

दोघी धावल्या. बाकाशेजारी चपलांची मांडणी होती. तिच्या सगळ्यात खालच्या फळीखालून तुफानचे डोके बाहेर आले होते. मग पुढचा एक पाय आला, मग दुसरा. एक चप्पल पाठीवर तशीच घेऊन ते शांतपणे बाईंच्या पायाशी येऊन थांबले.

मावशीचा जीव भांड्यात पडला. माशाचा तिथे आधीपासूनच होता.

"मला घ्यायला आला," बाई म्हणाल्या. त्यांचा मुख्याध्यापिकेचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "अहो, वर्षभर हा कपाटामागून हलला नव्हता. पानं पुढ्यात ठेवावी लागायची, तीही अर्धी टाकायचा. तुम्ही केलंत तरी काय?"

उत्तर काकांनी दिले. ते कुंड्यांमागून आत आले होते, कारण बाई आलेल्या असताना बाहेर थांबा असेही कोणी सांगितले नव्हते.

"रोज दोन वेळा फिरवलं. काल एका खेपेला चौदा पावलं. आज एकटंच पंधरा चाललं."

"एकटं?"

"बाई, मी सांगते," मावशी म्हणाली, आणि तिने खरोखर सगळे सांगितले. कुत्र्याची सही, मासा, मोटार, सगळे. बाईंनी मधे एकदाही अडवले नाही. शेवटी त्यांनी तुफानच्या पाठीवरची चप्पल उचलून जागेवर ठेवली.

"चूक केलीत," त्या म्हणाल्या. "पण विचारल्याशिवाय कबूल केलीत. तीस वर्षांत असे फार थोडे भेटले मला. आमच्या इमारतीत सुट्टीच्या आधी गावाला जाणाऱ्यांची नावं घेईन, त्यांना तुमचं वसतिगृह सांगेन." मग त्या काकांकडे वळल्या. "आणि घरी मी ह्याला किती वेळ फिरवू?"

काकांनी भाचीकडे बघितले. भाचीने कागद घेतला आणि लिहून दिले: दहा मिनिटे, पट्ट्याशिवाय, नजर काढू नये.

बाई गेल्यावर मावशीने नवा चहा टाकला. भाचीने लॅपटॉप पुन्हा पुढ्यात घेतला आणि 'कासव'ची रिकामी जागा भरली. आता सगळे झाले होते. तिने प्रोग्रॅम चालू केला. एरर आला.

आणि हा एरर वेगळा होता. कोणाची जागा रिकामी आहे, अशी तक्रार नव्हती. कोणीतरी थेट 'प्राणी' म्हणून नाव नोंदवले होते. नुसता प्राणी. ज्याचा जगात नमुना नसतो, तो.

"मावशी, पहिल्या दिवशी तू कोणाचं नाव भरलंस, प्रकार न लिहिता? इथे दिसतंय बघ. नाव: काका. प्रकार: काही नाही."

मावशीला आठवले. "अगं, तूच म्हणालीस ना, एखादं नाव टाकून बघ. समोर हे बसले होते. प्रकारात काय लिहू ते कळेना, म्हणून सोडून दिलं."

"म्हणजे तो पहिला एरर यांचाच," भाची हळूच म्हणाली, "आणि पंधरा दिवस कुत्र्याचं सगळं यांना..."

दोघींनी काकांकडे बघितले. काका स्टुलावर बसून बिनसाखरेचा चहा पीत होते.

"काका, तुमच्या नावाने पण यायचं?"

"रोज. दोन वेळा."

"आणि तुम्ही केलंत?"

"माझ्या नावाने आलं होतं," काका म्हणाले.

"पट्ट्याचं?"

"हातात धरायचो. दुसरं टोक मोकळं."

"खाणं? त्यात तर 'एक मापटं' लिहिलंय."

"मापटंभर भात. काय भरायचं ते लिहिलं नव्हतं. गोड देऊ नये, मधल्या वेळी काही देऊ नये, ते सगळं पाळलं."

भाचीने जरा चाचरत विचारले, "आणि झाडापाशी थांबावे, काम झाल्याशिवाय..."

"त्या ओळीचं विचारू नकोस," काका म्हणाले.

मावशीने पदर तोंडाला लावला. भाची म्हणाली, "चुकून झालं हो काका. आत्ता पुसून टाकते तुमचं नाव."

त्यांनी कप खाली ठेवला, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर उलगडला. साखर तपासल्याचा अहवाल होता, परवाच्या तारखेचा.

"दोन वर्षांत पहिल्यांदा मर्यादेत आली," ते म्हणाले. "डॉक्टर विचारत होते, कोणाचं औषध चालू आहे. पस्तीस वर्षं लोकांच्या चिठ्ठ्या वाचल्या. माझ्या नावाची ही पहिली. पुसलीस तर उद्या सकाळी मी काय करू?"

मावशीने अहवाल उचलून दोनदा वाचला.

भाचीने 'प्राणी'खाली एक नवा क्लास उघडला आणि त्याला 'माणूस' असे नाव दिले. प्रोग्रॅमने लगेच रिकाम्या जागा पुढे केल्या. तिने काकांना विचारून विचारून त्या भरल्या. फिरणे, सकाळी वीस मिनिटे, संध्याकाळी वीस. झाडाची ओळ काढून टाकली. खाणे, दोन वेळा, मोजून.

"गोड देऊ नये," तिने वाचून दाखवले.

काकांनी बशीकडे बघितले. "रविवारी एखादं बिस्कीट लिहिता आलं असतं."

"काका," भाची म्हणाली, "आपली अक्कल बाटलीत मिसळायची नाही."

काकांनी मान डोलावली. म्हणणे त्यांना पटले होते, फक्त आवडले नव्हते.

"पट्ट्याचं तरी काढू ना?"

काका विचारात पडले. "राहू दे," ते म्हणाले. "हाताला सवय झालीये."

भाचीने प्रोग्रॅम चालू केला. या वेळी एकही एरर आला नाही. काकांच्या गळ्यातला मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा लावून स्वतःचे नाव वाचले, खुंटीवरचा पट्टा काढला आणि स्वतःला फिरवून आणायला निघाले.